चाळीसगाव ते चांगदेव: उतरत्या पलंगाचे सहा दिवस

पहिला दिवस: चाळीसगाव, पाटणादेवी

गाडी मिनीबसच्या चॅसीवर बांधून घेतलेली, आतच राहायची-झोपायची. छतातून उतरणारे पलंग दोन. मागच्या बैठकीवरचा विजेवर चालतो: १२ व्होल्टची एक मोटर, तिने फिरणारा एक शाफ्ट, शाफ्टवर चार रिळं आणि रिळांवर गुंडाळलेले २५ मिलिमीटर रुंदीचे चार पट्टे. शाफ्ट मागच्या भिंतीलगत असल्याने दोन पट्टे तिथूनच सरळ खाली येतात. उरलेले दोन छतालगत पुढे जाऊन रोलरवरून खाली वळतात. ड्रायव्हरच्या केबिनवरचा पलंग हाताने ओढायचा, त्याला गॅसचे दोन दट्टे, गाडीची डिकी उचलून धरतात तसे. मागचा पलंग डुलतो आणि वर जाताना मध्येच थांबतो, अशी तक्रार निघण्याआधीपासूनच होती. बांधणाऱ्याने दोनदा बघून मोटर बदलायला सांगितलं होतं. मोटर बदलायची नाही, आधी मापायचं, हे ठरवूनच गाडी बाहेर काढली. हत्यारांत मल्टिमीटर, मीटरची टेप, व्हर्नियर, एलन कीचा संच, पाणसळ आणि कमी-जास्त करता येणारे चार लाकडी टेकू.

सकाळी पाटणादेवी. चंडिकेचं देऊळ गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीत आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ स्थापला, तो शिलालेख याच पाटण्याचा, १२०७ सालच्या सुमाराचा. (सहाव्या दिवशी भेटणारे चांगदेव वेगळे, ते योगी.) मुक्कामाला परत चाळीसगाव, ढाब्याच्या आवारात, मालकाला विचारून.

पलंग उतरवण्याआधी पाणसळ गाडीच्या फरशीवर ठेवावी, आधी आडवी, मग उभी. पलंग पट्ट्यांवर लोंबकळतो, म्हणजे गाडी कलली की तो बाजूला सरकणारच. हिशेब सोपा आहे. दोन मीटर रुंदीच्या गाडीची एक बाजू ७ सेंटिमीटर खाली असेल, तर १२० सेंटिमीटर उतरलेला पलंग ४ सेंटिमीटर त्या बाजूला जातो आणि कपाटाच्या कडेला घासतो. 'पलंग अडकतो' या तक्रारींतल्या कितीतरी इथेच मिटतात. खालच्या चाकाखाली फळी घालायची, हँडब्रेक ओढायचा, बाकीच्या चाकांना उटी (अडसराचे ठोकळे) लावायची. गाडी पाणसळीत आल्यावरही घासत असेल तर पुढच्या तपासणीकडे जायचं.

घासणं थांबलं, डुलणं राहिलं. पलंग पूर्ण खाली आणून बैठकीपासून १० सेंटिमीटर वर थांबवला आणि एकेक कोपरा हाताने दाबला. मागचा डावा दाबला की तो ५.५ सेंटिमीटर खाली जातो आणि नेमका त्याच वेळी पुढचा उजवा पट्टा ढिला पडतो. एक पाय आखूड असलेल्या टेबलासारखी गत. याचा अर्थ सगळं वजन पुढचा डावा आणि मागचा उजवा या दोनच तिरक्या पट्ट्यांवर आहे. पलंगाचं वजन ४५ किलो आणि दोन माणसांचं १४० धरलं तर प्रत्येक पट्ट्याच्या वाट्याला ४६ किलो यायला हवेत. इथे दोघांना ९२-९२ पेलावे लागतात. असा पलंग झोपायला वापरू नये. त्या रात्री तो रिकामाच वर गेला.

वर नेताना दर ठिकाणी थांबून ढिलाई मापली, आणि खरं निदान या मापांनीच झालं. छतापासून १२० सेंटिमीटरवर ५.५, ६० वर ४, ४० वर साधारण २.८, अगदी वर शून्य. ढिलाई सगळीकडे सारखीच भरली असती तर पट्टा ताणलाय किंवा शिलाई सरकलीय असं म्हणता आलं असतं, आणि पट्ट्याची लांबी जुळवायचा स्क्रू तेवढा आवळून काम भागलं असतं. उतरताना वाढत जाणारी ढिलाई एकच गोष्ट सांगते: त्या रिळावरचा पट्टा इतरांपेक्षा जाड आहे. प्रत्येक वेढ्याने रिळाचा व्यास पट्ट्याच्या जाडीच्या दुप्पट वाढतो. जाड पट्ट्याचं रीळ फुगतं आणि तेवढ्याच फेऱ्यांत जास्त पट्टा सोडतं.

व्हर्नियर लावला. तीन पट्टे १.२ मिलिमीटर, मागचा डावा १.५. कुणीतरी आधी एकच पट्टा बदललेला. गाभा ४० मिलिमीटरचा असलेल्या रिळावर पातळ पट्टा १२०० मिलिमीटर सुटतो तेव्हा पावणेआठ फेरे होतात. तितक्याच फेऱ्यांत जाड पट्टा १२५५ च्या पुढे सुटतो. फरक साडेपाच सेंटिमीटर. टेपने दाखवलेलं आणि कागदावर निघालेलं जुळलं.

दुसरा दिवस: मेहुणबारे, धुळे

मेहुणबाऱ्याला गिरणा ओलांडून धुळे. सूर्य वर येईपर्यंत गारठा असा की काचा आतून पाणावतात. दिवस सगळा बाजारात गेला, म्हणून प्रवासापेक्षा खरेदीबद्दल जास्त.

सीटकव्हरवाले आणि ताडपत्रीवाले, पट्टा या दोघांकडे मिळतो. पहिल्या दुकानात २५ मिलिमीटरचा चकचकीत काळा पट्टा समोर आला. आतून कारागीर म्हणाला, "भाऊ, हाऊ पट्टा दप्तरना शे, गाडीना नही." बरोबर बोलला. दप्तराचा पट्टा पॉलिप्रॉपिलीनचा असतो: हलका, स्वस्त, पण सतत वजन लोंबलं की हळूहळू लांबत जातो आणि उन्हाने पिचतो. ओळखायची युक्ती पैशाची नाही. बोटभर तुकडा पाण्यात बुडवून चांगला पिळा, हवा निघू द्या, मग ग्लासात सोडा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, परत करा. नायलॉन आणि पॉलिएस्टर दोन्ही बुडतात, मग ताणून बघायचं. नायलॉन जास्त ताणतो आणि पाणी पितो. हवा तो पॉलिएस्टर. गाडीच्या सीटबेल्टचा पट्टा पॉलिएस्टरचाच, पण रुंदी ४५ मिलिमीटरच्या पुढे. २५ च्या रिळात तो बसत नाही, आणि उभा कापून अरुंद केला तर कडेचे धागे सुटतात. तो मोह टाळावा.

जाडी एका पदराची मापू नये. पट्ट्याचे दहा पदर एकावर एक घेऊन मापा आणि दहाने भागा. चारही पट्टे एकाच रोलमधून घ्यायचे, जुने तीन चांगले दिसत असले तरी. लांबी अशी काढली: उतार १.२ मीटर, रिळावर कायम राहायला हवेत ते अडीच वेढे म्हणजे ३१ सेंटिमीटर, टोकाची घडी १२ सेंटिमीटर. मागच्यांना प्रत्येकी १.६५ मीटर. पुढच्यांना छतालगतचे १.४ मीटर जादा, म्हणजे ३.०५. एकूण ९.४; घेतला ११ मीटर, कारण शिलाई एकदा तरी चुकतेच.

शिवण पॉलिएस्टरच्या जाड दोऱ्याची, चौकोन आणि चौकोनात फुली. सुती दोरा चालत नाही. कापलेलं टोक तापलेल्या पात्याने बंद करायचं, काडीने जाळलं तर कडक गाठ होते आणि ती रोलरवर खटकते.

बदलताना पलंग पूर्ण खाली, चार टेकूंवर, फ्यूज काढून खिशात. फ्यूज खिशातच ठेवावा, डॅशबोर्डवर नाही. दुसरं कोणी सद्‍भावनेने परत लावतं. एका वेळी एकच पट्टा सोडायचा. सोडण्याआधी तो रिळावर समोरून येतो की मागून, याचा फोटो घ्यायचा. चारातला एक जरी उलटा गुंडाळला तर बाकीचे तीन कोपरे वर जाताना तो खाली येतो. नवा पट्टा पहिल्यांदा गुंडाळताना खालून हलकी ओढ हवी, नाहीतर सैल वेढे रिळाच्या कडेवर चढून अडकतात. ही ओढ रिळापासून हातभर लांबून द्यायची, बोटं जवळ न्यायची नाहीत.

चारही पट्टे बसवायला साडेतीन तास लागले. नंतर कोपरे दाबले तर सगळ्यात जास्त हलणारा ४ मिलिमीटर. संध्याकाळी महामार्गावरून लळिंगचा किल्ला उन्हात तांबडा दिसला, वर जायला वेळ उरला नाही. जेवायला शेवभाजी. तिखट सांगायची गरज पडत नाही.

तिसरा दिवस: चिमठाणे, दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा

दोंडाईच्याच्या आसपास मिरची सुकायला पसरलेली, काचा बंद असूनही ठसका लागतो. सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा. मार्गशीर्ष पौर्णिमेपासून इथला घोडेबाजार भरतो. घोडे बघायला जावं, गाडी मात्र पक्क्या जागेवर लावावी. तापीकाठची काळी माती वरून सुकलेली दिसते आणि जॅकखाली रात्रीतून बसते. जॅक लावायचाच असेल तर खाली फूटभर लांब, फूटभर रुंद फळी हवी. तरीही सकाळी पाणसळ परत बघायची.

पट्टे सारखे झाल्यावर दुसरी तक्रार उघडी पडली: वर पोचता पोचता मोटर दम तोडते. हा त्रास नेहमी वरच का होतो? पट्टा गुंडाळत जातो तसा रिळाचा व्यास ४० वरून ५८ मिलिमीटरच्या पुढे जातो. तेवढंच वजन उचलायला मोटरला शेवटी सुरुवातीच्या जवळपास दीडपट पीळ द्यावा लागतो. विजेत कुठेही खोट असली की ती या शेवटच्या वीतभर अंतरात दिसते.

म्हणून व्होल्टेज मोटर चालू असतानाच मापायचं. बंद मोटरवरचं माप काहीच सांगत नाही. बॅटरीच्या टोकांवर, मोटर बंद: १२.४. मोटर चालू: ११.९, म्हणजे बॅटरी ठीक. मोटरच्या टोकांवर, चालू: १०.४. मधल्या वायरमध्ये दीड व्होल्ट जिरतोय. बॅटरी ते मोटर ६ मीटर, जाऊन-येऊन १२. वायर २.५ स्क्वेअर मिलिमीटरची, करंट १५ अँपिअर. एवढ्यावर १.३ व्होल्ट पडतोच, उरलेला ०.२ रिलेच्या (मोटरचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) काळवंडलेल्या टोकांत आणि हाताने पिळून टेप मारलेल्या एका जोडात. बांधणाऱ्याने घरातल्या दिव्याची वायर वापरली असावी. २३० व्होल्टमध्ये दीड गेला तर कळतही नाही, बारामध्ये तो आठवा हिस्सा असतो.

शहाद्याला ६ स्क्वेअर मिलिमीटरची वायर घेतली, तांबड्या-काळ्या दोन्ही मिळून १३ मीटर. टोकांना लग, ते क्रिंपिंगच्या पक्कडीने दाबलेले. मध्ये एकही जोड नाही. रिले नवा. फ्यूज मात्र होता तोच २० अँपिअरचा; फ्यूज उडतो म्हणून ३० चा टाकणं म्हणजे पडद्यामागच्या वायरला वात लावणं. नंतर मोटरवर ११.३ व्होल्ट. वर जायला आधी ४६ सेकंद लागायचे, आता ४०, आणि वर जाताना मध्येच थांबणं बंद.

मोटरच्या आत बहुधा उष्णतेने तुटणारा कटआउट असतो. तपासण्याच्या भरात पाच-सहा वेळा वर-खाली केलं की तो तुटतो, आणि मोटर जळाली असं वाटतं. वीस मिनिटं हात लावू नये.

चौथा दिवस: म्हसावद, राणीपूर, तोरणमाळ

राणीपूर सोडलं की सातपुडा सुरू. वळणं अरुंद आणि एकाला लागून एक, सहा-साडेसहा मीटरची गाडी कशीबशी वळते. घाटाच्या आधी दोन्ही पलंगांचे कुलूपखटके हाताने ओढून बघायचे. डोळ्यांनी बघणं पुरत नाही, कारण खटका अर्धाच अडकलेला असला तरी पूर्ण लागल्यासारखा दिसतो. केबिनवरच्या पलंगाला एक जादा रॅचेट पट्टा बांधला होता. उतारावर ब्रेक मारताना तो पलंग सुटला तर थेट चालकाच्या डोक्यावर येतो.

यशवंत तलाव, सीताखाई, संध्याकाळी धुकं. इथे थंडी सपाटीपेक्षा बोचरी, आणि गॅसच्या दट्ट्याची परीक्षा अशाच ठिकाणी होते. आदल्या दुपारी शहाद्याला ३३ अंशांत केबिनचा पलंग वर नेऊन सोडला तर तिथेच राहत होता. तोरणमाळला पहाटे ६ अंश. पलंग वर केला, हात काढला आणि तो हळूहळू खाली आला.

दट्ट्यात नायट्रोजन असतो, त्याचा दाब तापमानाबरोबर कमी-जास्त होतो. ६०० न्यूटनचे दोन दट्टे २० अंशांना मिळून १२०० न्यूटन देतात. ३३ ला साधारण १२५०, ६ ला ११४०. फरक ११० न्यूटनचा, म्हणजे अकरा किलो. धडधाकट दट्ट्याला तो जाणवत नाही. गॅस झिरपून मुळातच कमी झालेला असेल तर दुपारी तो निभावतो, पहाटे नाही. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात तर मरायला टेकलेला दट्टाही तगडा वाटतो. म्हणून दट्ट्याची तपासणी पहाटे करावी, आणि जुनी गाडी विकत घेताना तर नक्कीच.

बदलायचा झाला तर दुकानात 'डिकी शॉकर' म्हणून मागा, पण चार गोष्टी लिहून न्या: पूर्ण उघडल्यावरची लांबी, दांडीचा प्रवास, नळीवर छापलेले न्यूटन आणि टोकाची जोडणी, बॉल आहे की भोक. कुठल्याशा गाडीच्या डिकीचा शॉकर लांबीला जुळतो आणि जोराला नाही. जास्त जोराचा लावला तर पलंग खाली ओढताना बिजागरीचे स्क्रू प्लायमधून उपटून येतात. दोन्ही एकदम बदला. पलंग वर असताना, म्हणजे बहुतेक वेळ, बारीक दांडी खाली आणि जाड नळी वर राहील असे बसवा. आतलं तेल सीलवर राहतं. जुना दट्टा फोडू नका, कापू नका, भोक पाडू नका, आत दाब असतो.

तोरणमाळला अर्थातच काही मिळालं नाही. केबिनच्या पलंगाला लाकडी टेकू आणि रॅचेट पट्टा एवढ्यावर काम चालवलं. दट्ट्यांची जोडी पाचव्या दिवशी शिरपुरात मिळाली.

पाचवा दिवस: शिरपूर, चोपडा, फैजपूर

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता. त्याच्या खड्ड्यांबद्दल खानदेशात कुणाला नव्याने सांगायला नको. चोपड्यापर्यंत मागचा पलंग खडखडू लागला. बघितलं तर वरच्या लिमिट स्विचची (पलंग टोकाला पोचला की मोटर बंद करणाऱ्या स्विचची) पट्टी हादऱ्यांनी सैल होऊन खाली सरकलेली. पलंग छताच्या तीन सेंटिमीटर खालीच थांबायचा, खटके लागतच नव्हते, आणि बटण मात्र 'पोचलो' सांगून गप्प.

लिमिट स्विच दोन असतात. वरचा बिघडला तर एकतर पलंग लवकर थांबतो, नाहीतर थांबतच नाही आणि पट्टे ताणून फ्यूज उडवतो. खालचा बिघडला तर भलताच प्रकार होतो. मोटर पट्टा सोडतच राहते, रीळ रिकामं होतं आणि पट्टा उलट्या बाजूने गुंडाळू लागतो. मग 'खाली' दाबलं की पलंग वर चढतो! वायरी उलट्या लागल्या समजून लोक त्या बदलतात आणि घोळ दुप्पट करतात. उपाय असा: 'खाली'चं बटण सोडा, 'वर' दाबून पलंग पूर्ण खाली येऊ द्या आणि तसंच पुढे चालवा, रीळ रिकामं होऊन पट्टा योग्य बाजूने गुंडाळेपर्यंत. त्यानंतरच स्विच दुरुस्त करा.

स्विच तपासायला फ्यूज काढा आणि मल्टिमीटर बीपवर ठेवा. साधारणपणे दाबलेला नसताना बीप येते आणि दाबल्यावर थांबते. टिकटिक ऐकू येऊनही बीप थांबत नसेल तर आत चिकटलेली टोकं. दुरुस्त करत बसू नका, नवा घाला. पट्टी अशी बसवायची की पलंग कडेला टेकण्याच्या ५ मिलिमीटर आधी स्विच दाबला जाईल. खाली स्प्रिंग वॉशर घाला, इथे तो नव्हताच.

आणि गोधडी! थंडीचे दिवस, पलंगावर दोन जाड गोधड्या तशाच ठेवून पलंग वर केला की त्या छताला दाबतात. पलंग थांबतो आणि दोष स्विचवर येतो. आधी पांघरुणं काढून एकदा चालवून बघा.

वीज पूर्ण गेली तर शाफ्टच्या टोकाला षटकोनी खाच असते, तिथे एलन की लावून हाताने फिरवता येतं. फ्यूज आधी काढायचा. हात खाचेत असताना मोटर जिवंत झाली तर मनगट मोडेल. ड्रिल मशीन लावायचा मोह होतो, पण ते लिमिट स्विच जाणत नाही.

फैजपूर म्हणजे १९३६ च्या डिसेंबरातलं काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं. आजूबाजूला नजर जाईल तिथे केळी. बामणोदची वांगी याच भागातली. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या भरिताला गॅसवरच्या भरिताची सर नाही, हे मान्य करूनच बसावं.

रात्री पलंगावर वजन ठेवून परीक्षा. पाण्याचे वीस लिटरचे जार कुठेही भाड्याने मिळतात, भरलेला एक जवळपास २१ किलोचा. पलंगावरच्या पट्टीवर २०० किलोची मर्यादा लिहिलेली. नऊ जार सारख्या अंतरावर ठेवले, खाली चार टेकू पलंगापासून दोन बोटं सोडून, आणि रात्रभर तसंच. खाली कुणीही झोपलं नाही.

सहावा दिवस: भुसावळ, मुक्ताईनगर, चांगदेव

सकाळी जार उतरवण्याआधी छतापासून चारही कोपऱ्यांची मापं. मागचे दोन्ही पट्टे ३ मिलिमीटर लांबलेले, पुढचे दोन्ही ७. पुढच्यांची ताणाखालची लांबी मागच्यांच्या दुपटीहून थोडी जास्त आहे, तेव्हा ताणही त्याच प्रमाणात. म्हणजे सरकलं काही नाही, पॉलिएस्टर पहिल्या ओझ्याने बसला इतकंच. डाव्या-उजव्यात फरक पडला असता तर शिलाई उसवून बघावी लागली असती.

भुसावळ मागे टाकून मुक्ताईनगर, तिथून चांगदेव. तापी आणि पूर्णा इथे मिळतात, आणि काठावर चांगदेवांचं जुनं दगडी मंदिर आहे. गाडी वर पक्क्या जागेवर, पाणसळीचा बुडबुडा मधोमध. पुढच्या दोन पट्ट्यांचे स्क्रू ८ मिलिमीटरचे, एका फेऱ्याला सव्वा मिलिमीटर चढणारे. पुढे-मागे फरक ४ मिलिमीटर, म्हणून दोन्हीकडे सव्वातीन फेरे आवळले, लॉकनट घट्ट केले आणि नटावरून दांड्यापर्यंत पांढऱ्या ऑइलपेंटची एक रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला.

चारही कोपरे पुन्हा दाबले. पलंग हलला नाही.